घराचा आराखडा आणि घराचा भार

‘घर पहावें बांधून’ ही म्हण प्रत्येक मराठी घरांत ऐकूं येते. तिच्यांत घर बांधणाऱ्याची दगदग आहे, खर्चाचा धसका आहे, आणि गवंड्या-सुतारांच्या वायद्यांचा कंटाळाहि आहे. परंतु घर बांधून पुरें झालें म्हणजे काम संपलें, अशी जी समजूत या म्हणीच्या आडून वावरते, ती मात्र खरी नव्हे. घर पुरें होतें त्या दिवशीं त्याचें आयुष्य सुरू होतें. पुढील पन्नास-साठ वर्षांत त्या घरांत काय काय घडणार आहे, याचा पहिली वीट रचण्यापूर्वीं केलेला विचार म्हणजे आराखडा. हा विचार नसेल, तर उत्तम नकाशाहि केवळ कागदावरच्या रेघा होत.

भिवंडींत घर बांधणाऱ्यास हा विचार विशेष अगत्याचा आहे. कारण येथील घर नुसतें राहण्यासाठीं क्वचितच उरतें. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानांतून जीं मोमीन विणकर कुटुंबें दक्षिणेकडे आलीं, त्यांतील कित्येक मालेगांवीं आणि भिवंडींत स्थिरावलीं. विणकराच्या घरांत माग आणि चूल एकाच छपराखालीं नांदत. हातमाग जमिनीवर किंवा जमिनींतल्या खड्ड्यांत बसे. त्याचा भार थेट भुईवर जाई आणि भिंतींना त्याची तोशीस लागत नसे. पुढें यंत्रमाग आले. १९८२ च्या मुंबईंतील गिरणी संपानंतर त्यांची संख्या फार वाढली, आणि मागाहून मुंबई-नाशिक महामार्गालगत गुदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. गांवाचा धंदा असा बदलत गेला. घरें मात्र पुष्कळदां जुनींच राहिलीं, किंवा जुन्याच पायावर वर वर चढत गेलीं.

हें चढणें कसें होतें तें पहावें. गृहस्थ प्रथम तळमजला बांधतो. मुलगा कर्ता झाला म्हणजे वर एक मजला चढतो. धाकट्याच्या लग्नाला दुसरा. मग तळमजला भाड्यानें जातो; भाडेकरू तेथें माग तरी बसवतो, नाहीं तर कापडाचे गठ्ठे रचतो. गच्चीवर पाण्याची मोठी टांकी येते. यांतील प्रत्येक पाऊल त्या त्या वेळीं शहाणपणाचेंच वाटतें, आणि घरांतील वडील मंडळींच्या संमतीनेंच तें पडतें. पण जमिनीखालचा पाया पहिल्या दिवशीं होता तेवढाच असतो. कुटुंब वाढतें, भाडें वाढतें, भार वाढतो. पाया वाढत नाहीं.

याचें गांभीर्य भिवंडीकरांना सांगावयास नको. कितीतरी वर्षें वापरांत असलेली घरें या गांवांत आहेत. पण २१ सप्टेंबर २०२० रोजीं पहांटे पटेल कंपाउंडमधील एक तीन मजली इमारत माणसें झोपेंत असतांना कोसळली आणि सुमारे चाळीस जीव गेले. २९ एप्रिल २०२३ रोजीं वळपाडा येथें दुसरी इमारत पडली. तिच्या खालच्या भागांत गुदाम होतें आणि वर कुटुंबें रहात होतीं. तेथें आठ जण दगावले. प्रत्येक दुर्घटनेचीं कारणें निराळीं असतात आणि तीं ठरविणें हें चौकशीचें काम. घर बांधूं इच्छिणाऱ्यानें त्यांतून एवढाच बोध घ्यावा, कीं घराला काय पेलावें लागेल हा प्रश्न दिवाणखान्याच्या रंगाच्या फार अगोदर येतो.

हा प्रश्न आंकड्यांत मांडला म्हणजे स्पष्ट होतो. इमारतींवरील भारासंबंधीं भारतीय मानकांत, १९८७ सालच्या आवृत्तींत, राहत्या खोलीच्या जमिनीसाठीं दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरण्यास सांगितलें आहे. त्यांत माणसें, पलंग, कपाटें सर्व आलीं. गुदामासाठीं मात्र हाच आंकडा किमान ७५० किलो आहे, आणि माल जितका उंच रचावा तितका तो आणखी वाढतो. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी एक साधी खोली घेतली, तर राहण्यासाठीं ती सव्वादोन टनांच्या हिशेबानें बांधली जाते. गुदाम म्हणून तिला सव्वाआठ टनांहून अधिक पेलावें लागतें. खोली तीच, भिंती त्याच, फरशीहि तीच. डोळ्यांना कांहींच फरक दिसत नाहीं. यंत्रमागाचें तर नुसतें वजन नसतें. त्याचा सततचा हादराहि असतो.

म्हणून अभियंत्याकडे जातांना गृहस्थानें ‘तीन खोल्या आणि एक देवघर’ एवढेंच सांगून थांबूं नये. आज किती मजले, उद्यां किती, तळमजल्यावर धंदा होणार कीं नाहीं, टांकी केवढी, हें सर्व त्यानें मन मोकळें करून सांगावें. दोन मजल्यांचा पाया आज घालून वर एकच मजला बांधणें, यांत पैसा वायां जात नाहीं. एका मजल्याच्या पायावर मागाहून दोन चढविण्यांत मात्र सर्वस्व जाऊं शकतें. जें पायाला पेलणार नाहीं, तें घरांत कधींहि येऊं द्यावयाचें नाहीं, हा निश्चयहि त्याच बैठकींत व्हावा.

घर वाढणार हें गृहीत धरूनच योजना कशी करावी, याचें एक उत्तम उदाहरण जवळच, नवी मुंबईंतील बेलापूर येथें आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनीं १९८० नंतरच्या दशकांत तेथें बैठ्या घरांची एक वसाहत आंखली. सात सात घरें एकेका लहान चौकाभोंवतीं बसविलेलीं. प्रत्येकाला स्वतःची जागा, आणि शेजाऱ्याशीं सामाईक भिंत कोठेंहि नाहीं. त्यामुळें एकानें घर वाढविलें तरी दुसऱ्याच्या भिंतीला धक्का लागत नाहीं. वाढ थोपवितां येत नाहीं. तिला आधींच वाट करून देतां येते, हें त्या आंखणीचें मर्म होय.

भाराच्या पाठोपाठ जमिनीचा विचार येतो. सातबारा उतारा, हद्दीची मोजणी आणि अकृषिक वापराची स्थिति पाहिल्यावांचून विसार देऊं नये. शहराच्या हद्दींत बांधकामाची परवानगी महानगरपालिकेची. भोंवतालच्या अनेक गांवांत ती मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. कोणत्या कचेरीचा शिक्का लागतो, हें खरेदीपूर्वींच समजून घेणें बरें. त्यानंतर जागेवर भर पावसांत एकदां जाऊन यावें. ठाणें जिल्ह्याच्या या भागांत वर्षाकाठीं सुमारे शंभर इंच पाऊस पडतो आणि त्यांतील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. कामवारी नदी भरून आली आणि त्याच वेळीं खाडीला भरती असली, म्हणजे पाण्याला जावयास जागा उरत नाहीं. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत पाणी कोठवर आलें होतें, हें शेजारच्या म्हाताऱ्या माणसास विचारावें; तो भिंतीवर हात ठेवून दाखवील. घराचें जोतें त्या हाताच्या वर असावें. भरावाची किंवा खाडीकांठची खारी जमीन असेल, तर खड्डा घेऊन कठीण थर किती खोल लागतो तें पाहिल्याखेरीज पायाचा आकार ठरवूं नये.

आतां ऊन आणि वारा. भिवंडी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला येथें मध्यान्हीचा सूर्य अगदीं डोक्यावर येतो. डिसेंबरांत तो दक्षिणेकडे कलून निम्म्या आकाशावर राहतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला, तर उन्हाळ्यांतलें भर दुपारचें ऊन अडतें आणि थंडींतलें कोंवळें ऊन घरांत येतें. पश्चिमेची गोष्ट वेगळी. तिकडचें तिसऱ्या प्रहरचें ऊन आडवें येतें. छज्जा त्याला अडवूं शकत नाहीं. पण उन्हाळ्यांत अंगाला सुख देणारी समुद्राकडची झुळूक येते तीहि पश्चिमेकडूनच, आणि पावसाळ्याची झड येते ती नैर्ऋत्येकडून. एकाच दिशेनें मित्र व शत्रु दोघेहि यावेत, असा हा पेंच आहे.

कोंकणच्या जुन्या घरानें तो केव्हांच सोडविला होता. पश्चिमेच्या अंगाला उतरत्या छपराची पडवी काढली, म्हणजे ऊन पडवींत थांबतें, पाऊस पडवींत थांबतो, आणि वारा तेवढा गार होऊन आंत येतो. जागा वायां जाते म्हणून हल्लीं पडवी प्रथम कापली जाते, आणि तिच्या जागीं मोठी कांच बसते. मग ती कांच जाड पडद्यानें झांकावी लागते, आणि पडद्याआड दिवसभर वीज जळत राहते. मोठी पडवी शक्य नसेल, तर चार फुटांची गॅलरी आणि तिला झडपांची तावदानें एवढें तरी असावें. वारा आंत येण्यास जशी खिडकी हवी, तशी समोरच्या भिंतींत बाहेर जाण्यासहि हवी. एका खिडकीची खोली कोंडलेलीच राहते.

याच हिशेबानें स्वयंपाकघर पूर्वेच्या अंगाला असावें, म्हणजे फोडणीचा धूर घरभर न फिरतां परस्पर बाहेर जातो. आग्नेयेस चूल असावी हा जुना संकेत येथें वाऱ्याच्या दृष्टीनेंहि बरोबर ठरतो. जिना, न्हाणीघर आणि अडगळीची खोली पश्चिमेच्या उन्हाला ढालीसारख्या उपयोगी पडतात. शेजारीं माग चालत असतील, तर निजण्याच्या खोल्या त्या बाजूस नकोत. खडखडाट तर असतोच, शिवाय सुताची बारीक धूळ खिडकींतून आंत येते. तळमजल्यावर एक खोली, तिला लागून न्हाणीघर व शौचकूप, अशी सोय अवश्य ठेवावी. आज ती पाहुण्यांची म्हणवेल. वीस वर्षांनीं तीच घरधन्याला आणि घरधनिणीला जिना चढण्यापासून सोडवील.

नकाशा हातीं आला म्हणजे तो घरांतील बायकांपुढें ठेवावा. ओट्याची उंची, मोरीची जागा, धुणें पावसांत कोठें वाळावयाचें, धान्याचे डबे कोठें राहतील, हें त्यांना जितकें कळतें तितकें कोणा वास्तुविशारदालाहि कळत नाहीं. रेघांवरून अंदाज येत नसेल, तर मोकळ्या जागेंत चुन्यानें खोल्या आंखून त्यांत पलंग व कपाट मांडून पहावें. चुन्याची रेघ पुसावयास झाडू पुरतो. भिंत पाडावयास दोन मजूर लागतात.

बांधकामाचा आरंभ दसरा-दिवाळीच्या सुमारास व्हावा. भिवंडी परिसरांतील वीटभट्ट्या पाऊस सरल्यावर पेटतात, आणि पावसापूर्वीं छप्पर पडलें पाहिजे. मात्र घाईनें काँक्रीटचें भलें होत नाहीं. २००० सालच्या भारतीय मानकाप्रमाणें त्याला किमान सात दिवस, आणि मिश्र सिमेंट असल्यास दहा दिवस, सतत ओलें ठेवावें लागतें. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवसांच्या आंत आणि त्याहून लांब स्लॅबचे चौदा दिवसांच्या आंत काढूं नयेत. गवंडी ‘माल सैल करूं’ म्हणून जादा पाणी ओततो, तेव्हां तो आपलें काम हलकें करतो आणि खांबाचें बळ कमी करतो. त्या वेळीं घरचें एक माणूस तेथें उभें असणें, हें पुढें शंभर पोतीं जादा सिमेंट आणण्याहून मोलाचें.

शेवटीं एक लहानशी, पण फार थोड्या घरांत पाळली जाणारी गोष्ट. काँक्रीट पडण्यापूर्वीं पायाचीं व सळयांचीं छायाचित्रें काढावींत. मंजूर नकाशा, खांबांचा तक्ता, अभियंत्यानें किती मजल्यांचा व किती भाराचा हिशेब केला त्याचा सहीचा कागद, हें सर्व खरेदीखताबरोबर एकाच पेटींत ठेवावें. दागिने कोणाला किती, हें मुलांना सांगितलें जातें. पाया किती मजल्यांचा, हें मात्र कोणी सांगत नाहीं. बांधणारा गेल्यावर तीस वर्षांनीं नातू वर खोली काढावयास निघेल, किंवा तळमजला गुदामाला देण्याचा विचार करील. त्या वेळीं हो म्हणावें कीं नाहीं, याचें उत्तर त्या पेटींत असलें पाहिजे.