पावणेतीन किलोची गोधडी

(ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना शंभर वेळा आलेलं 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' गाळलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.)

मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री गोधड्या शिवतो हे कळलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. "मशीनवर का नाही शिवत?" आणि "विकतोस का?" पहिल्याचं उत्तर पुढे येईल. दुसऱ्याचं उत्तर, नाही. शिवतो त्या देतो. आणि आजचा भाग त्या देण्याबद्दलच आहे, कारण पहिल्या वर्षी मी ते काम सपशेल चुकवलं होतं.

आधी थोडं गोधडीबद्दल, कारण काही जणांनी फक्त दुकानातली रजईच पाहिली असेल. रजईत कापूस किंवा तसलं काही भरलेलं असतं. गोधडीत भरलेलं काही नसतं. जुनं कापडच एकावर एक पसरायचं आणि धावदोऱ्यानं एकत्र धरायचं. आमच्या फलटणकडे तिला वाकळ म्हणतात. चार पदरी असेल तर चौघडी, बाळाचं असेल तर दुपटं. परदेशातल्या क्विल्टिंगचे व्हिडिओ पाहिलेत तर तिथं तीन थर दिसतील: वर तुकडे जोडलेलं कापड, मधे पातळ गादीसारखा थर, खाली अस्तर. आणि ते लोक शिलाई साधारण मधून सुरू करून कडेकडे जातात, म्हणजे सुरकुत्या बाहेर ढकलल्या जातात.

माझी आजी बरोबर उलटं करायची. कडेपासून सुरुवात. कड आत दुमडायची, बाहेरचा चौकोन पूर्ण फिरायचा, मग त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा चौकोन, मग तिसरा, असं करत मध्यापर्यंत. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात, त्यांचीही चाल हीच, कडेकडून आत. शेवटी चार कोपऱ्यांना कापडाची छोटी फुलं लावतात. कडेपासून आत आल्यावर सगळा सैलपणा मधे गोळा होतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर तळहातानं कापड आत सारत राहायचं. नाहीतर शेवटी मधोमध फुगा येतो. माझ्या पहिल्या तीन गोधड्यांना आहे. (हसतो.) आजी म्हणाली, "हे काय, पोट आलंय हिला."

तर पहिलं वर्ष. आजी गेल्यावर तिची लुगडी पेटीत होती, नऊवारी, धुऊन धुऊन मऊ झालेली. ती घरात कुणी नेसणार नव्हतं. आणि त्याच सुमारास ऑफिसातल्या एका मित्राबरोबर इंदापूरकडे गेलो होतो, तिथं ऊसतोड कामगारांच्या कोप्या पाहिल्या. दिवाळीनंतर बीडकडची, पाथर्डीकडची माणसं बिऱ्हाड घेऊन येतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि वरून प्लॅस्टिक. डिसेंबरची रात्र, जवळ कालवा, सगळीकडे दव. मुलं पातळ चादरीत झोपलेली. मी परत येताना गाडीतच ठरवलं.

वर्षभरात बारा गोधड्या शिवल्या. आणि मी इंजिनिअर माणूस, मला वाटलं थंडी जास्त तर थर जास्त. दहा पदर घातले. सहा साड्यांचे, चार जुन्या चादरींचे. साडेसहा फूट बाय सव्वाचार फूट. काट्यावर ठेवली तर पावणेतीन किलो! मला त्याचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. दहा पदरांतून सुई जाईना, म्हणून दाभणानं भोक पाडून शिवलं, आणि हात दुखायला लागल्यावर दोन ओळींतलं अंतर वाढवत नेलं. आधी बोटभर, मग दोन बोटं, शेवटी शेवटी तर वीतभर. आजीचं अंजिरी लुगडं एका गोधडीच्या वरच्या थराला लावलं.

डिसेंबरात नेऊन दिल्या. फोटो काढले. लोकांनी ऑफिसच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकले.

फेब्रुवारीत पुन्हा गेलो. अंजिरी गोधडी घडी घालून बैलगाडीवर बसायला घेतलेली. दुसरी एक कोपीच्या मागे काठीवर टाकलेली, तिला कुबट वास आणि काळे ठिपके. मला आतून राग आला. तोंडानं काही बोललो नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असणार. कारण तिथल्या एका बाईनं, वयानं माझ्या आईएवढ्या, स्वतःहून विषय काढला.

"दादा, ऊब लई हाये तिला. पण धुवावं कुठं आन् वाळवावं कुठं? आमी पहाटं चारला फडात जातो."

मग त्यांनी ती काठीवरची गोधडी माझ्या हातात दिली. ओली नव्हती, नुसती दमट होती, तरी जड लागली. बाळानं ओली केली म्हणून धुतली होती. धुतल्यावर पाणी पिऊन ती इतकी जड झाली की दोघींना मिळून पिळावी लागली. दोन दिवस वाळली नाही. दिवसभर तिच्याकडे बघायला कुणी नाही, रात्री दव. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. आणि आतलं कापड? माझ्या वीतभर अंतराच्या ओळींमधून ते सगळं एका बाजूला सरकून गोळा झालेलं. एका कडेला उशी, दुसऱ्या कडेला नुसती दोन पापुद्र्यांची साडी.

मग त्यांनी स्वतःची वाकळ दाखवली. चार-पाच पदरी, टाके तांदळाएवढे, ओळी अगदी जवळजवळ. अशा दोन. थंडी जास्त असेल तर दोन्ही अंगावर, कमी असेल तर एक खाली एक वर. पहाटे फडात जाताना लेकरू त्यातच गुंडाळून न्यायचं आणि बांधावर झोपवायचं. धुवायची तर एकेक. दुपारपर्यंत खडखडीत.

विचार केला तर साधी गोष्ट आहे. ऊब कापडाच्या वजनानं येत नाही, थरांमध्ये अडकलेल्या हवेनं येते. दोन पातळ गोधड्यांच्या मधेही हवा असते. हे मी बारावीला शिकलो होतो. आणि गोधडी घेऊन गेलो तेव्हा एकाही माणसाला विचारलं नव्हतं की तुम्ही ती धुणार कशी.

आता माप सांगतो, कारण बऱ्याच जणांनी मेसेजमध्ये तेच विचारलंय. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि एक मीटर दहा सेंटीमीटरच्या आसपास पन्ह्याची. मी गोधडीची रुंदी म्हणजे साडीचा पन्हा असंच धरतो. जोड नाही, कातरकाम नाही. दीड मीटरचे तुकडे पाडायचे. एका साडीचे तीन होतात आणि मीटरभर उरतं. म्हणजे दोन साड्यांत सहा तुकडे. पाच पदर लागतात, सहावा पुढच्या गोधडीला. माझ्या काट्यावर अशी गोधडी आठशे-नऊशे ग्रॅम भरते. लहान मुलाला पुरते, दोन जोडल्या तर मोठ्या माणसालाही.

दोऱ्याचा हिशेब गमतीचा आहे. चौकोनी फेरे असले तरी एकूण शिलाईची लांबी म्हणजे गोधडीचं क्षेत्रफळ भागिले दोन ओळींतलं अंतर. दीडशे गुणिले एकशे दहा भागिले दोन सेंटीमीटर, म्हणजे साधारण ब्याऐंशी मीटर शिलाई. माझा वेग तासाला सात-आठ मीटर. म्हणजे अकरा तास. अंतर चार सेंटीमीटर केलं तर वेळ अर्धा, पण मग आतलं कापड सरकायला लागतं. जुनं विरलेलं कापड असेल तर दोनच ठेवा. मशीनचं म्हणाल तर कडा मी आता मशीनवर मारतो, आजीला चाललं नसतं. मधलं हातानंच, कारण माझ्या साध्या मशीनखाली पाच सैल पदर ढकलले की वरचा थर पुढे पळतो आणि चुण्या पडतात.

कापड निवडताना एकच नियम मी कडक पाळतो: सुती असेल तरच. कोपीत चूल आत असते. सिंथेटिक कापडावर ठिणगी पडली तर ते वितळतं आणि अंगाला चिकटतं. साडीवर 'कॉटन' लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. कडेचा एक दोरा काढा, चिमट्यात धरा, वाटीवर जाळा. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटात भुकटी होते. नायलॉन, पॉलिस्टर असेल तर टोकाला कडक मणी तयार होतो. मिश्र कापडात दोन्ही थोडं थोडं. तेही मी बाजूला ठेवतो.

मग रंग. ओलं पांढरं फडकं घासून बघायचं, लाल आणि गडद निळ्याचं तर नक्कीच. मग साडी बल्बसमोर धरायची. जिथून उजेड जास्त येतो तो विरलेला भाग आतल्या थरात, धड भाग बाहेर.

हे सगळं चालतं एका वन बीएचकेच्या हॉलमध्ये, त्यामुळे 'स्टुडिओ' वगैरे शब्द मी वापरत नाही. माळ्यावर तीन गोण्या: न तपासलेलं, तपासून धुतलेलं, तुकडे पाडलेलं. पहिल्या गोणीतलं कापड दुसऱ्याला लागू द्यायचं नाही. एकदा कुणीतरी दिलेल्या साड्यांबरोबर ढेकूण आले होते, ती कथा पुन्हा कधीतरी. जमिनीवर पसरायला जागा एकाच गोधडीची. म्हणून एका वेळी एक पसरलेली आणि एक सुईवर, तिसरी सुरू करायची नाही. ऑफिसात आम्ही बोर्डवर हाच नियम लावतो आणि कुणीच पाळत नाही. घरी पाळावाच लागतो, नाहीतर जेवायला बसायचं कुठं?

आणि सुया. हे जरा गंभीरपणे ऐका. माझ्याकडे एका डबीत दहा सुया आणि चाळीस सेफ्टी पिना असतात, आकडा झाकणावर लिहिलेला. रोज रात्री मोजून ठेवतो. दुसऱ्या वर्षी एका रात्री नऊच भरल्या. गोधडी त्याच संध्याकाळी पूर्ण झालेली. सतरंजी झटकली, सोफा उलटा केला, केरसुणी फिरवली. नाही. मग स्पीकरमधला जुना चुंबक गोधडीवरून ओळीओळीनं फिरवला. दोनदा. काही लागलं नाही. आई म्हणाली, "पडली असेल कुठंतरी, जाऊ दे." पण ती गोधडी कुणाच्या लेकराखाली जाणार होती. मी दोन रात्री बसून मधले फेरे उसवले. सुई तिसऱ्या आणि चौथ्या पदराच्या मधे होती, मोडकी, टोकाकडचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा नंतर सोफ्याच्या फटीत मिळाला. तेव्हापासून मोजणी झाल्याशिवाय मी दिवा बंद करत नाही, आणि मोडलेली सुई दोन्ही तुकडे जुळल्याशिवाय टाकत नाही.

अजून एक, लहान बाळांसाठी शिवणाऱ्यांना. एक वर्षाखालच्या बाळाच्या अंगावर झोपेत सैल पांघरूण नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. दुपटं गुंडाळून कडेवर घ्यायला, खाली अंथरून खेळवायला. देताना हे तोंडानं सांगा. चिठ्ठी लिहून उपयोग नाही.

आता जो प्रश्न मला अजून सुटलेला नाही. त्याच फेब्रुवारीत, वाकळ दाखवणाऱ्या त्या बाई मला म्हणाल्या, "तुमी कापड आन् दोरा द्या. वाकळ आमाला येती शिवता." मला ते एकदम पटलं. ज्यांना माझ्यापेक्षा चांगली येते त्यांना मी शिवून काय देतोय? पुढच्या खेपेला मी तपासलेलं, धुतलेलं, तुकडे पाडलेलं कापड घेऊन गेलो. प्रत्येक गठ्ठ्यात पाच तुकडे, दोऱ्याची गुंडी, दोन सुया. गठ्ठा बघून शेजारच्या कोपीतली तरुण मुलगी, कडेवर एक, हाताशी एक, म्हणाली, "येळ कुठाय? ऊस तोडू, मोळ्या वाहू, का शिवत बसू? शिवलेलीच द्या, दादा." दोघींमध्ये दहा फुटांचं अंतर होतं. मोठ्या बाई तिला म्हणाल्या, "रातच्याला शिवावं." ती म्हणाली, "रातच्याला तुमी शिवा माझी." आणि दोघी हसल्या.

तर आता मी दोन्ही नेतो आणि विचारतो. गेल्या हंगामात चौदा शिवलेल्या गेल्या आणि अकरा गठ्ठे. काहींनी गठ्ठा घेऊन हंगाम संपल्यावर गावी नेला, तिथं शिवणार म्हणून. मला आधी वाटलं, थंडी तर इथं आहे, गावी नेऊन काय? मग लक्षात आलं की पुढच्या हंगामात ती वाकळ त्यांच्याबरोबर परत येणारच आहे.

अंजिरी लुगड्याची गोधडी मी परत मागितली नाही. मागावीशी वाटली होती. शेवटचं पाहिलं तेव्हा तिची कड फाटली होती आणि तिथं कुणीतरी पिवळ्या कापडाचं ठिगळ लावलं होतं, टाके माझ्यापेक्षा बारीक.

या वर्षीसाठी सध्या चार तयार आहेत, एक सुईवर. ज्यांना कापड द्यायचंय त्यांनी सुती साड्या, धोतरं, जुन्या मऊ चादरी द्या. जॉर्जेट, नायलॉन, जरीच्या साड्या नकोत, जर टोचते. धुऊन, उन्हात वाळवून द्या, फॉल काढून टाका. फॉल बहुतेक वेळा सिंथेटिक असतो आणि तो उसवण्यात माझा रविवार जातो. दिवाळीच्या आत पोहोचलं तर बरं. पुढच्या भागात दोऱ्याबद्दल बोलू, कारण गेल्या वर्षी मी स्वस्तातला घेतला आणि तो धुण्यात तुटला. भेटू.