शांत झालेली पेशी की मेलेली?

दिल्लीत मुनिरक्याजवळ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या परिसराला लागून राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्था आहे. १९८१ साली स्थापन झालेल्या या संस्थेत शरीराच्या संरक्षक पेशींचा अभ्यास चालतो. गुळवेलीच्या काढ्यानं सूज उतरते, असं आपण घरोघरी ऐकतो. अशा दाव्याची पेशींवर पारख कशी करतात, ते आज पाहू.

९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत उंदराच्या भक्षक पेशी वाढवतात. काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातला लायपोपॉलिसॅकराइड हा पदार्थ टाकून त्यांना डिवचतात. शत्रू शिरला असं समजून पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडू लागतात. दुसऱ्या दिवशी वरचा द्रव काढून त्यात ग्रीस अभिकर्मक नावाचं रसायन मिसळलं की गुलाबी रंग चढतो. काही खळग्यांत गुळवेलीचा अर्क आधीच घातलेला असतो. तिथं गुलाबी फिका पडला, तर गुळवेल पास झाली का?

इतक्यात नाही. अर्क जहाल असेल तर पेशी मरतात, आणि मेलेली पेशीही गप्पच असते! म्हणून पेशींना एमटीटी नावाचं पिवळं रसायन देतात. जिवंत पेशी त्याचं जांभळं करते. जांभळा टिकला आणि गुलाबी उतरला, तरच पुढचं बोलायचं. ही तपासणी नसलेला निष्कर्ष कितीही गाजला तरी तो मानू नये, असं मला ठामपणे वाटतं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांचे सहकारी गुळवेलीवर वर्षानुवर्षं काम करत होते. ताटलीपाशी न थांबता ते रुग्णांपर्यंत गेले, हे त्यांचं मोठेपण. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्यांना गुळवेल दिल्यावर त्यांच्या पेशी जिवाणूंना नीट मारतात का, हे त्यांनी तपासलं. तो अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं पेशींना चेव येणं हवंच होतं. आमवाताच्या रुग्णाच्या पेशी मात्र आधीच चवताळलेल्या असतात. त्याला उलट परिणाम हवा. तेव्हा गुळवेल कुणाला, कशासाठी आणि किती, हे विचारल्याशिवाय ती चांगली की वाईट हे सांगताच येत नाही.

२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का, असा आक्षेप आयुष मंत्रालयानं घेतला. तेव्हा कुंपणावरची वेल तोडून काढा करत असाल, तर आधी ती जाणकाराला दाखवा. आणि आमवात किंवा यकृताचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.