पहिली पायरी गावातच



विलासराव देशमुख मुख्यमंत्री होण्याच्या कितीतरी आधी बाभळगावचे सरपंच होते. आर. आर. पाटील १९७९ साली सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आले. पुढे ग्रामविकासमंत्री असताना २००० साली त्यांनी ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. आपल्याच तालुक्यातील दिवे-अंजूरचे कपिल पाटील सरपंचपदापासून निघाले आणि २०२१ साली केंद्रात पंचायती राज राज्यमंत्री झाले. पक्ष वेगवेगळे, पहिली पायरी मात्र गावातली.

२०११ च्या कायद्याने राज्यातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना राखीव झाल्या. दिघाशीच्या मुलीने त्या खुर्चीवर बसावे, आणि सही करण्याआधी कागद स्वतः वाचावा.

माझे नाव आता शहराच्या मतदार यादीत आहे. गावच्या ग्रामसभेत मला मत नाही. मी संगणक अभियंता, डांबर-खडीतले मला कळत नाही. पण कामातली चूक शोधणे हाच माझा रोजचा धंदा. आपल्यापैकी जी कोणी उभी राहील, तिच्याशेजारी बसून रस्त्याचे अंदाजपत्रक ओळीओळीने वाचायला मी येईन. त्यासाठी मतदार यादी आड येत नाही.