फोर्कलिफ्टच्या सीटवर बाई का नाही?

(यवत येथे बचतगटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दौंड-शिरूर भागातल्या कितीतरी बाया कारखान्यांत जातात. कुणी कुरकुंभला, कुणी सणसवाडी-रांजणगावला. हजेरीवर त्यांचं पद काय? हेल्पर. दहा वर्षं पॅकिंग केलं तरी हेल्पर. किमान वेतनाच्या दरपत्रकात अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा पायऱ्या असतात. हेल्पर सर्वांत खालच्या पायरीवर. त्याच शेडमध्ये फोर्कलिफ्ट चालवणारा मुलगा तिच्या वर. तो शाळा तिच्यापेक्षा फार जास्त शिकलेला असतो असं नाही. त्याला कुणीतरी यंत्र शिकवलं, हिला शिकवलं नाही.

का नाही शिकवलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘बाईमाणसाला धोक्याचं काम आहे हो.’ आता हा धोका जरा नीट पाहू या. चालवणाऱ्याच्या डोक्यावर लोखंडी छत असतं, कमरेला पट्टा असतो. शेडमध्ये पायी फिरणाऱ्या बाईच्या डोक्यावर काय असतं? पदर. समोर माल उंच रचलेला असला की चालकाला ती दिसतसुद्धा नाही. वरच्या थरावरची खोकी मोजायची म्हणून नुसत्या पॅलेटवर माणूस उभा करून वर उचलतात, तेही नियमाला धरून नाही. काटे माल उचलण्यासाठी असतात, माणूस उचलण्यासाठी नाहीत. म्हणजे धोका बाईच्या वाट्याला आलेलाच आहे. आलं नाही ते शिक्षण आणि वरच्या पायरीचा पगार.

कायद्याचं नाव पुढे करणारेही भेटतात. १९४८ च्या कारखाने कायद्यात चालत्या यंत्राचे काही भाग साफ करायला, त्यांना तेल घालायला स्त्रियांना मनाई होती. रात्रपाळीवर बंधन होतं. महाराष्ट्रात ते २०१५ च्या दुरुस्तीनं अटींवर सैल झालं. पण फोर्कलिफ्ट चालवू नका असं त्या कायद्यानं बाईला कधीच सांगितलं नव्हतं. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत तर स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांवर घेता येईल असं स्पष्ट म्हटलं आहे. रात्रीच्या कामाला तिची संमती हवी. संमती तिची, बरं का, सुपरवायझरची किंवा नवऱ्याची नव्हे. (या संहितांनी कामगारांचं काय काय काढून घेतलं, त्यावर वेगळी बैठक घ्यावी लागेल.)

ताकदीचा मुद्दा उरतो. तर ऐका, या यंत्राला ताकद लागत नाही, अंदाज लागतो. उसाची गाडी मागं जड झाली की उलाळ होते, जू वर उचललं जातं, हे तुम्हांला सांगायला नको. फोर्कलिफ्टचं गणित तेच, फक्त उलटं. पुढची चाकं हा टेकू. पुढे काट्यांवर माल, मागे यंत्राचं स्वतःचं वजन. यंत्रावरच्या पाटीवर दोन टन लिहिलेलं असतं, पण ते ठरावीक अंतरापर्यंतच. माल काट्यांच्या टोकाकडे सरकला की तेच यंत्र दोन टन पेलत नाही, मागची चाकं उचलली जातात. म्हणून माल काट्यांच्या मुळाशी टेकवायचा, जमिनीपासून थोडासाच वर ठेवून न्यायचा. भरलेल्या यंत्रानं उतार उतरायचा तो मागे-मागे, म्हणजे माल चढाच्या बाजूला राहतो. वळतात मागची चाकं, त्यामुळे वळताना पाठीमागचा भाग बाहेर फेकला जातो. पायी चालणाऱ्याला तोच लागतो. आणि यंत्र कलंडलंच तर उडी मारायची नाही. पट्टा लावलेला ठेवून सीटवर घट्ट बसायचं. उडी मारणारा त्याच लोखंडी छताखाली चिरडतो.

यात दंडाचा जोर कुठे आला?

मोलमजुरी करणाऱ्या बायांनी हे करून दाखवलेलं आहे. टाटा स्टीलमध्ये माती-विटा वाहणाऱ्या ‘रेजा’ बायांना ‘तेजस्विनी’ नावाच्या योजनेत अवजड यंत्रं चालवायला शिकवलं गेलं. एवढं लांब कशाला, इथून जवळच केडगाव. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात शंभर वर्षांपूर्वी बाया छापखाना चालवत होत्या. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. त्यांनी केलेलं मराठी बायबल १९२४ मध्ये तिथंच छापून पुरं झालं. खिळे जुळवणारे हात टाकलेल्या बायांचे, विधवांचे, दुष्काळातून आणलेल्या मुलींचे होते. त्यांना कुणी हेल्पर म्हटलं नसेल.

आता दाखल्याबद्दल, कारण फसवणूक इथेच होते. फक्त कारखान्याच्या आवारात चालणारी खास वाहनं मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. तरी ‘चारचाकीचं लायसन नाही, मग कशी घेऊ?’ म्हणून बाईला परत पाठवतात. कंपनीचा तसा नियम असेल तर असू दे, पण तो लेखी मागा, आणि पुरुषांनाही लावला आहे का ते विचारा. यंत्र रस्त्यावर आणायचं असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

पैसे भरले की त्याच दिवशी कागद हातात देणारा शिक्षक नको. यंत्रावर बसवून परीक्षा घेतो का, कोणत्या प्रकारच्या यंत्राची घेतो, हे आधी विचारून घ्या. डिझेलच्या यंत्रावर शिकलेल्या बाईला उंच मांडण्यांमधलं रीच ट्रक लगेच जमेल असं नाही. शिक्षणाचा मूळ दाखला आपल्या घरी, पेटीत. कंपनी देते ती त्या कंपनीत चालवायची परवानगी; नोकरी सुटली की ती संपते, दाखला संपत नाही.

व्यवस्थापनाशी बोलाल तेव्हा सीटचंही बोला. बुटक्या बाईचा पाय पेडलपर्यंत पोचेल इतकी ती पुढे सरकली पाहिजे. आणि संडास शेडजवळ हवा. तो लांब असला की बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली चक्कर येते, तीही यंत्रावर बसलेली असताना.

एकटीनं अर्ज करू नका. चार-पाचजणी मिळून करा, पोच घ्या. प्रशिक्षणाची वेळ पाळी सुटल्यावरची दिली तर कामाच्या वेळेतली मागा. परतीची गाडी चुकली की दुसऱ्या दिवशी घरचे पाठवणार नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे. ज्यांना अर्ज लिहायचा आहे त्यांनी चहा झाल्यावर इथंच थांबा, आत्ताच लिहून टाकू.