खुणेचा शब्द आणि अलंकार

अलंकाराची व्याख्या पाठ असणे आणि अलंकार ओळखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेच्या तयारीत 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' किंवा 'वाटे' दिसले की उत्प्रेक्षा, अशी खूणगाठ बांधून दिली जाते आणि विद्यार्थी अर्थ न लावता त्या एका शब्दाच्या शोधात ओळीवरून नजर फिरवतो. 'तो सारखा बोलतो' या वाक्यात उपमा नाही. 'पाऊस येईल असे वाटते' हा ढग पाहून केलेला साधा अंदाज आहे, उत्प्रेक्षा नव्हे. 'धाकटा भाऊ थोरल्यासारखा उंच आहे' हे तर निव्वळ मापाचे विधान. त्यात चमत्कृती, म्हणजे वाचकाला सुखावणारे वैचित्र्य, मुळीच नाही.

ज्याचे वर्णन करायचे ते उपमेय आणि ज्याच्याशी त्याची तुलना करायची ते उपमान. उपमेय हे यजमान आणि उपमान हा त्याच्या घरी आलेला पाहुणा असे मानले, तर सादृश्यावर आधारलेले बहुतेक अलंकार पाहुणा घरात किती आत शिरला यावरून उलगडतात. जोंधळ्याचे दाणे यजमान आणि मोती पाहुणा असे समजावे. 'दाणे मोत्यांसारखे टपोरे आहेत' या उपमेत पाहुणा ओसरीवर बसलेला असतो, दोघे वेगळे आहेत हे कोणालाही दिसते आणि टपोरेपणा हा दोघांतील समान धर्म तेवढा सांगितला जातो. 'दाणे जणू मोतीच' या उत्प्रेक्षेत तो माजघरात येतो आणि घरचाच असावा अशी कल्पना केली जाते. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त तिला संभावना म्हटले आहे. 'कणसातले हे दाणेरूपी मोती' या रूपकात यजमान आणि पाहुणा एका ताटात जेवतात, म्हणजे दोघांत अभेद मानला जातो. 'हे दाणे नव्हेत, मोती आहेत' या अपन्हुतीत पाहुण्यासाठी यजमानालाच नाकारले जाते, तर 'मोत्यांहून दाणे सरस, कारण मोत्यांनी भूक भागत नाही' या व्यतिरेकात यजमान पाहुण्यावर मात करतो.

'यंदा शिवारात मोती पिकले' या वाक्यात यजमान कोठेच दिसत नाही, पाहुण्याने त्याला गिळून टाकले आहे. मम्मटाने अतिशयोक्तीचा पहिला प्रकार म्हणून हेच सांगितले आहे. शालेय पुस्तके मात्र फुगवून सांगणे एवढ्यावर अतिशयोक्ती आटोपतात, आणि ते अपुरे आहे. येथे खुणेचा शब्दही नाही. तो शोधणारा विद्यार्थी या वाक्यापाशी नक्की अडतो. म्हणून पुन्हा सांगणे भाग आहे की आधी उपमेय शोधावे, मग उपमान, मग त्यांचे नाते, आणि खुणेचा शब्द सर्वांत शेवटी.

भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत, तर अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'पर्यंत ही संख्या शंभरापलीकडे गेली. एवढ्या खुणा पाठ करणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. याच दीक्षितांनी 'चित्रमीमांसे'त मुख आणि चंद्र ही एकच जोडी घेऊन ती उक्तीच्या फरकाने निरनिराळ्या अलंकारांत कशी बदलत जाते हे दाखवले आहे, आणि शिकवण्याची ती पद्धत आजही सर्वांत सरळ आहे. गळ्यातील मोत्यांना दाणे समजून कोंबडीने चोच मारली, असे वर्णन केले तर जोडी तीच राहून भ्रांतिमान होतो. मात्र तेथे यजमान कोण आणि पाहुणा कोण यांची अदलाबदल होते.

शिक्षकांनी उद्याच्या तासाला फळ्यावर व्याख्या लिहू नये. वर्गाकडूनच एक जोडी मागून घ्यावी आणि तिची निदान पाच वाक्ये मुलांकडून करवून घ्यावीत.