सूक्ष्म कण आणि श्वास घेणारी पेशी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



परभणी ही कृषी विद्यापीठाची नगरी आहे. म्हणून विषयाचा आरंभ शेताच्या बांधावरून करतो. २०२१ साली इफ्कोने द्रवरूप नॅनो युरिया आणला. त्यातील कण २० ते ५० नॅनोमीटरचे. केसाची जाडीही सुमारे ८०,००० नॅनोमीटर भरते. पिकाला त्याचा लाभ किती, याविषयी कृषितज्ज्ञांत मतभेद आहेत आणि तो वाद त्यांच्याकडेच सोपवलेला बरा. माझा प्रश्न निराळा आहे. औषधांत, रंगांत, प्रसाधनांत आणि आता शेतातही आलेले असे अतिसूक्ष्म कण जिवंत पेशीला भेटतात, तेव्हा काय घडते? आणि ते जाणावे कसे?

रूढ रीत सोपी आहे. बशीत पेशी वाढवायच्या, वरून कण मिसळलेला द्रव ओतायचा आणि परिणाम मोजायचा. परंतु बशीतला द्रव निश्चल असतो; जड कण तळाशी, म्हणजे नेमके पेशींवरच साचतात. २०११ साली अमेरिकेत यूनान शिया यांच्या गटाने पेशींचा थर उपडा धरून सोन्याच्या कणांचा प्रयोग केला, तेव्हा लवकर खाली बसणारे कण पेशींत पुष्कळच कमी शिरलेले आढळले. ज्याला आपण पेशीची ओढ समजत होतो, त्यात गुरुत्वाकर्षणाचा वाटा मोठा होता!

शरीरात तर सर्व काही वाहते आहे. मायक्रोफ्लुइडिक्स, म्हणजे सूक्ष्म प्रवाहांचे शास्त्र, हा प्रवाह प्रयोगात आणते. पारदर्शक सिलिकॉन रबराच्या लहानशा पट्टीत केसाएवढ्या नलिका कोरतात, त्यांत पेशी वाढवतात आणि द्रवाचा वेग हवा तसा राखतात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे हार्वर्डमध्ये डॅन हुह आणि डोनाल्ड इंगबर यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेली फुप्फुसाची चिप. मध्ये सच्छिद्र पातळ पडदा. त्याच्या एका बाजूस मानवी वायुकोशांच्या पेशी आणि हवा, दुसऱ्या बाजूस रक्तवाहिनीच्या पेशी आणि वाहता द्रव. दोन्ही कडांच्या पोकळ्यांतील हवा ओढली की पडदा ताणला जातो, सोडली की पूर्ववत होतो. हाच तिचा श्वास. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण सोडून पाहिले, तेव्हा श्वासाची हालचाल चालू असताना पेशींचा दाह वाढला आणि कणही अधिक आत शिरले. स्थिर बशीने हे कधीच सांगितले नसते. अर्थात सिलिका आणि युरिया एक नव्हेत. यावरून कोणत्याही खताला दोषी ठरवू नये. मात्र पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्याच्या श्वासात जे जाते, त्याची परीक्षा श्वास घेणाऱ्या पेशींवरच व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सभागृहात आणखी एक प्रश्न निश्चितच उमटला असेल: मुक्या प्राण्यांचे काय? २०२३ साली भारत सरकारने नवीन औषधविषयक नियमांत दुरुस्ती करून अशा चिपांसारख्या प्राणिविरहित पद्धतींना मान्यता दिली. परंतु खरे ते सांगितले पाहिजे. हार्वर्डच्या त्या प्रयोगाचा निष्कर्षही शेवटी उंदराच्या फुप्फुसावर पडताळून पाहण्यात आला होता, आणि ही पडताळणी अनावश्यक ठरण्याइतका चिपांचा भरवसा अद्याप सर्व अवयवांच्या बाबतीत सिद्ध झालेला नाही.