न्याहारीला भ्यालेलं सरकार



२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या गल्लीत धान्याच्या पिशव्या वाटायला लोक आले. आईला म्हणाले, मावशी, पिशवी वर धरा, फोटो काढायचाय. आईने धरली. तांदूळ आम्ही खाल्ला, पण तो फोटो अजून घशात अडकलाय.

आता दुसरं चित्र बघा. जानेवारी १९६९. अमेरिकेतलं ओकलंड. ब्लॅक पँथरची पोरं भल्या सकाळी एका चर्चमध्ये शेगड्या पेटवतात आणि उपाशीपोटी शाळेत जाणाऱ्या लेकरांना फुकट न्याहारी वाढतात. पुढे त्यांनी फुकट दवाखानेही काढले. याच पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं.

पोराच्या न्याहारीला कोण भिणार? एफबीआयचा हूवर भ्याला! मे १९६९ मध्ये त्याने आपल्या कचेऱ्यांना लिहिलं, की पँथरला मोडून काढायच्या कामात ही न्याहारीच मोठा धोका आहे. का? कारण वाढणारा वस्तीतलाच होता, आणि वाढता वाढता विचारत होता: एवढ्या श्रीमंत देशात तू उपाशी का?

सरकारची शाळेतली न्याहारी तिथे १९६६ पासून प्रयोग म्हणून रखडत होती. १९७५ ला ती कायम झाली.

तेव्हा पिशव्या आपणही वाटू. भूक थांबत नाही. पण फोटो नाही. आणि पिशवी देताना विचारायचं: रेशनकार्ड आहे का? २०१३ च्या कायद्याने प्राधान्य यादीतल्या घराला माणशी महिना ५ किलो धान्य हक्काचं आहे. नाव यादीत नसेल, तर त्या आईबरोबर रेशन ऑफिसच्या रांगेत उद्या सकाळी आपण उभं राहायचं.

कोण कोण येतंय?